मामा तलाव

आमच्या समता कॉलोनीत डिसेंबर लागला की गच्चीगच्चीवर गाद्या-रजया उन्हात पडतात आणि खालच्या ओट्यांवर सहलींची बोलणी सुरू होतात. कोणी गंगरेलच्या धरणावर निघतं, कोणी केशकालचा घाट चढून चित्रकोटच्या धबधब्याला जातं, हाताशी जास्त दिवस असले तर मैनपाटपर्यंतही मजल जाते. आमच्याकडेही दरवर्षी बेत ठरतो. आणि दरवर्षी सासूबाई, म्हणजे आमच्या आई, एकच वाक्य बोलतात, "तुम्ही जाऊन या, मी घर राखते."

गेल्या हिवाळ्यात मात्र त्यांनीच विषय काढला, आणि त्याला कारण झालं एक स्वेटर.

थंडी पडली की रायपूरला तिबेटी लोकांचा गरम कपड्यांचा बाजार लागतो. आईंना घेऊन मी तिथे गेले होते. दुकानात बसलेली बाई साधारण माझ्याच वयाची. मी हिंदीत भाव विचारला. आम्ही सासू-सुना आपसात काय बोलतोय हे ऐकून तिनं उत्तर दिलं ते मात्र मराठीत. आईंना गंमत वाटली. कुठली गं तू, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "आमचा कॅम्प गोठणगावला, आजी. नवेगावबांधच्या पुढे."

आईंच्या हातातला स्वेटर हातातच राहिला. "इटियाडोहाजवळचा?"

"हो! तुम्ही तिकडच्या?"

मग दोघी अशा बोलत सुटल्या की मागे गिऱ्हाइकं खोळंबली. प्रतापगडची शिवरात्रीची यात्रा, अर्जुनीचा बाजार, बांधावरचं धुकं. शेवटी त्या बाईनं सहज विचारलं, "आता कधी जाऊन आलात माहेरी?" आई काही बोलल्या नाहीत. पर्स उघडली, मागितले तेवढे पैसे मोजून दिले आणि निघाल्या. माझ्या सासूबाईंनी घासाघीस न करता कपडा घेतलेला मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला. काहीतरी लागलंय हे तेव्हाच कळलं.

त्या रात्री भांडी आवरताना त्या माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. "मला एकदा बांध दाखव. गावात नाही जायचं हं. नुसता बांध बघायचा आणि परत यायचं."

आईंचं माहेर गोंदिया जिल्ह्यात, नवेगावबांधपासून दोन-तीन कोसांवरच्या एका गावात. घराणं कोहळी, धानाची आणि उसाची शेती, गावाला स्वतःचा तलाव. वडील गेल्यावर वर्षभरात धाकट्या भावानं एका माणसाकरवी कागद पाठवला. बहिणीनं वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा सोडला, असं त्यात लिहिलेलं. आईंनी त्या माणसाला जेवू घातलं, सही केली, कागद परत दिला. त्या गोष्टीला अठरा वर्षं झाली. भाऊ पुन्हा आला नाही, बहीण गेली नाही. दिवाळीला फोन होतो, तोही मुलांमुलांचा. आईंचं दुःख जमिनीचं नव्हतं. "सही मागायला माणूस पाठवला," एवढंच एकदा त्या मला म्हणाल्या होत्या, "मी काय त्याला बसायला पाट दिला नसता?"

आमच्या ह्यांना जानेवारीत ऑडिट, सुट्टी मिळणं अशक्य. मी म्हटलं, गाडी मी चालवते. घरात क्षणभर शांतता पसरली. माझं ड्रायव्हिंग म्हणजे कॉलोनी ते ऑफिस, फार तर भिलाईपर्यंत. ह्यांनी काळजीचे तीन-चार प्रकार करून पाहिले. शेवटी आईच म्हणाल्या, "तिच्या हातात काय कमी आहे? चालवेल ती." त्यावर कोण काय बोलणार!

संक्रांत झाल्यावरच्या शनिवारी पहाटे आम्ही तिघी निघालो. आई पुढे, माझी नऊ वर्षांची लेक मागे, तिच्या शेजारी धपाट्यांचा डबा, चहाचा थर्मास आणि तिळगुळाची पिशवी. कॉलोनीतून बाहेर पडून जी. ई. रोडला लागलो, टाटीबंध मागे पडलं. कुम्हारी, भिलाई, दुर्ग असं झोपलेलं शहर संपता संपत नाही. शिवनाथ नदीच्या पुलावर धुकं इतकं दाट होतं की पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत. मी त्याच्या मागे चाळीसच्या वेगानं चालले होते. मागून हॉर्न वाजवणारे वाजवत होते. आई म्हणाल्या, "वाजवू दे. त्यांना कुठे माहेरी जायचंय!" बोलून गेल्यावर त्या एकदम खिडकीबाहेर बघायला लागल्या.

राजनांदगाव मागे पडलं आणि ऊन आलं. चिचोल्याजवळ डोंगरगडचा फाटा दिसतो. नवरात्रात बमलाईच्या दर्शनाला पायी जाणाऱ्या लोकांनी हा सगळा रस्ता भरलेला असतो. आता तो मोकळा होता. कापणी झालेल्या धानाच्या बांध्या दोन्ही बाजूंना, त्यांत लाखोळीची हिरवी लव आणि पलीकडे सागाचं जंगल. इथून डोंगर सुरू होतात. हिमालय पाहिलेल्या माणसानं याला डोंगर म्हणू नये, टेकड्याच त्या. पण सपाट छत्तीसगडातून येणाऱ्याला त्या पुरेशा वाटतात. रस्ता त्यांच्या कुशीत शिरला की थंडी एकदम वाढते.

बाघनदीचा पूल ओलांडला आणि महाराष्ट्र आला. पाट्या मराठी झाल्या. आई त्या एकेक मोठ्यानं वाचू लागल्या, शाळेतल्या मुलीसारख्या. शिरपूरबांध. देवरी. मग माझ्या लक्षात आलं, नुसत्या पाट्याच नव्हे, आईही बदलत चालल्या आहेत. रायपूरच्या घरात त्या अगदी पुस्तकी मराठी बोलतात. शेजारणींनी नावं ठेवू नयेत म्हणून सुरुवातीला शिकल्या, पुढे तीच सवय झाली. देवरी ओलांडल्यावर एका खोलगट जागी पाणी चमकलं आणि त्या ओरडल्या, "ते पाय, पानी!" झाडीपट्टीच्या बोलीत 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'र' होतो. डोळ्याला डोरा म्हणतात. लेकीला हे भलतंच आवडलं. पुढचा तासभर आमच्या गाडीत एकही 'ळ' उरला नाही.

मासुलकसाचा घाट फार मोठा नाही, पण वळणावर एक भरलेला ट्रक बंद पडलेला आणि त्याला वळसा घालायला अर्धाच रस्ता मोकळा. माझे हात घामेजले. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी काढून पुढे आणली तेव्हा आईंनी माझ्या तोंडात तिळगूळ घातला. तेवढ्या वेळात त्यांनी देवाचं नावही घेतलं नव्हतं. माझ्यावर एवढा विश्वास माझ्या माहेरच्यांनीही ठेवला नसता.

कोहमाऱ्याला महामार्ग सोडून आम्ही नवेगावबांधच्या रस्त्याला लागलो. भिंतींवर झाडीपट्टीच्या नाटकांची रंगीत पोस्टरं होती. दिवाळीनंतर इथे नाटकांचा हंगाम असतो. रात्री दहाला पडदा उघडतो आणि पहाटे शेवट होतो. हा रस्ता असा की दर थोड्या अंतरावर एक तलाव. कुठे कमळांनी भरलेला, कुठे शिंगाड्याच्या वेलींनी झाकलेला, कुठे नुसताच गुलाबी बेशरमाच्या झुडपांनी गिळलेला. एका पाळीवर सरकारी फलक होता, लेकीनं तो वाचला: "मामा तलाव."

"आजी, हा कोणाच्या मामाचा तलाव?"

मी हसत सुटले. आई हसल्या नाहीत. मीच मग सांगितलं की 'मा. मा.' म्हणजे माजी मालगुजारी. कागदोपत्री केलेलं लघुरूप लोकांच्या तोंडी बसलं आणि तलाव मामाचे झाले. पूर्व विदर्भात असे मामा तलाव सहा हजारांवर आहेत.

ते आले कुठून, ही गोष्ट मोठी आहे. चांद्याच्या गोंड राजांचा नियम होता असं सांगतात: जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन बक्षीस. हे काम अंगावर घेतलं कोहळ्यांनी. हाताशी कुठलंही मोजणीचं यंत्र नसताना, पावसाचं पाणी कुठून उतरतं आणि कुठे अडेल हे नुसत्या नजरेनं ताडून त्यांनी वैनगंगेच्या खोऱ्यात मातीच्या पाळी घातल्या. रसेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर मोठा ग्रंथ काढला. त्यात कोहळ्यांची ओळख त्यानं मोठमोठे तलाव बांधणारे लोक म्हणूनच करून दिली आहे. पाणी कधी, कुणाच्या शेताला सोडायचं, गाळ कधी काढायचा, हे सारं गाव ठरवी. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली. ते योग्यच झालं, मालगुजारीत जुलूमही कमी नव्हता. पण जमिनीबरोबर तलावही सरकारकडे गेले आणि गाळ काढणं हे कुणाचंच काम उरलं नाही. पाळी फुटल्या, बेशरम माजलं. अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मदतीनं ढिवर समाजाच्या मासेमारांनी, आणि पुढे त्यांच्या बायकांनी, काही तलावांतलं बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, तेव्हा तिथे मासे आणि पाखरं परतली. वाटेत जो तलाव स्वच्छ दिसे तिथे मी गाडी थांबवायची आणि आईंनी बघून घ्यायचं, असं चाललं होतं.

रायपूरकरांना यात नवल वाटू नये. आपलं शहरही तलावांचंच. बुढा तालाब, महाराजबंध, तेलीबांधा ही नावं अजून टिकून आहेत. ज्या रजबंधा मैदानावर वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या आहेत, तोही एके काळी तलावच होता. बुजवला. त्याबद्दल कुठे अग्रलेख लिहून आल्याचं मला आठवत नाही.

अकराच्या सुमारास आम्ही बांधावर पोहोचलो.

मी बरंच वाचून गेले होते. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले, माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणत्या गावकऱ्याकडून जंगल शिकले आणि त्यांनी 'नवेगावबांधचे दिवस' लिहिलं. २०२५ साली ते गेले, तेव्हा ते पुस्तक मी पुन्हा काढलं होतं. तलावाचा घेर जुन्या नोंदींत सतरा मैल दिला आहे हेही वाचलं होतं. पण पाण्याच्या काठाशी उभं राहिलं की वाचलेलं सगळं मागे पडतं. तिन्ही बाजूंनी डोंगर, उतारावर जंगल, मधोमध मालडोंगरीचं बेट आणि दूरवर चक्रवाकांचा केशरी ठिपका. वारा नव्हता. डोंगर पाण्यात उलटे उभे होते.

हा तलाव कोलू पाटील कोहळी यानं बांधला. त्याचा लोकांनी पुढे कोलासूर देव केला. त्याचं ठाणं डोंगरावर आहे. आजूबाजूची सात शिखरं म्हणजे सात बहिणी. कोलू दिवसा पाळ घाली, आणि रात्री या बहिणी येऊन त्याला मदत करत, अशी कथा. ती आईंनी लेकीला सांगितली. सांगताना त्यांचा आवाज जरा कोरडाच होता.

"मग त्या बहिणींना काय मिळालं?" लेकीनं विचारलं. हल्लीची मुलं!

"डोंगर मिळाले," आई म्हणाल्या.

लेक पाखरं मोजायला पुढे धावली. आई पाळीवर बसल्या. इथे सारस असायचे, जोडीनं धानाच्या बांधीत उतरायचे, असं त्या मला सांगत होत्या. आता महाराष्ट्रात सारस उरलेत ते जवळजवळ याच जिल्ह्यात, तेही मोजकेच. त्या दिवशी आम्हाला एकही दिसला नाही. मला मात्र वेगळंच काही बोलायचं होतं. गेले कित्येक महिने ते माझ्या मनात होतं, पण घरात बोलायचं धाडस झालं नव्हतं.

"आई, रागावू नका. तुम्ही सही केलेला तो कागद नोंदवलेला होता का? रजिस्ट्रार कचेरीत गेला होतात?"

"नाही. घरीच केली सही."

"मग कायद्यानं त्याला फारसा अर्थ नाही. स्थावर मालमत्तेचा हक्क सोडायचा तर तो लेख नोंदवावा लागतो. आणि २००५ पासून मुलींचा वाटा मुलांइतकाच आहे. तुमचा वाटा अजून..."

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या.

मी गप्प झाले.

"तुझे सासरे होते तेव्हा. त्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणाले, कर सही, याला काही अर्थ नाही. मी म्हटलं, अर्थ नसला तर मग मी कशाला खोटी सही करू? मी खरीच केली."

मला हे पटलं नव्हतं आणि आजही पटलेलं नाही. चार जणी अशा खऱ्या सह्या करतात म्हणून पाचवीलाही कागद येतो. मी तसं बोललेसुद्धा. आई म्हणाल्या, "तू लिही की तुझ्या पेपरात. बरोबरच आहे तुझं." आणि मग, पाण्याकडे बघत, "इथून गाव किती लांब आहे गं? गाडीनं?"

वीस मिनिटं लागली. रस्ता त्यांना आठवत होता, पण आठवणीतली आंब्याची झाडं नव्हती, म्हणून एकदा चुकलो. गावच्या तलावापाशी उतरलो. सोबतच्या एका पोरानं घराकडे धूम ठोकली. म्हाताऱ्या बाईची गाडी आलीय म्हणून सांगायला गेला असणार. पण मामा घरी नव्हते. ते तिथेच होते, पाळीच्या पलीकडे, तुडुमापाशी. तुडूम म्हणजे तलावातून पाणी सोडायची मोरी. उन्हाळी धानासाठी पाणी सोडायचं की नाही यावर चार शेतकरी भांडत होते आणि डोक्याला मफलर गुंडाळलेले मामा सगळ्यांत मोठ्यानं भांडत होते. आम्हाला पाहून त्यांचं वाक्य अर्ध्यावर थांबलं.

कोणी कोणाच्या पाया पडलं नाही, कोणी रडलं नाही. मामा चिखलाचे पाय तसेच घेऊन वर आले आणि म्हणाले, "आली का वो बाई."

"बांध बघायला आली होती," आई म्हणाल्या. "तुमचा तुडूम गळतो का रे अजून?"

"गळते."

"बाबा असताना गळत नव्हता."

एवढं झालं आणि आम्ही घरी गेलो. मामींनी चुलीवर भात टाकला. चिन्नोरचा वास अंगणभर पसरला. जवसाची चटणी, तलावातला मासा, लाखोळीची डाळ. दोघं भावंडं अंगणात बाजेवर बसली होती आणि तासभर फक्त पाण्याबद्दल बोलत होती. कुणाच्या शेताला किती पाळ्या, गाळ कोणत्या साली काढला, सांडवा कोणी उंच केला. मी कान देऊन ऐकत होते. माझ्या पेशाची खोड. पण एका शब्दानंही विषय निघाला नाही.

निघाला तो रात्री, जेवण झाल्यावर, शेकोटीशी. मामाच बोलले, आगीकडे बघत.

"तो कागद घेऊन माणूस पाठवला होता ना, बाई. मी पण आलो होतो रायपूरले. त्याच्यासंगं. बसस्टँडवर बसून राहिलो दिवसभर. तुया घरापर्यंत पाय उचलला नाही."

बराच वेळ लाकडांचाच आवाज येत होता. मी मनात म्हटलं, आता आई बोलतील, अठरा वर्षांचं बोलतील. आईंनी विचारलं, "जेवला होतास का त्या दिवशी?"

"समोसा खाल्ला."

तेव्हा मात्र आईंचा तोल गेला. त्यांचा इतका राग मी कधी पाहिला नाही. माझ्या गावात येऊन, माझा भाऊ, बसस्टँडवर समोसा खाऊन परत जातो! त्या परक्या माणसाला मी पुरणपोळी वाढली आणि तू! रिक्षाला दहा मिनिटं लागतात स्टँडवरून! मामा मान खाली घालून ऐकत होते. मामी मला खुणेनं म्हणाल्या, बोलू द्या. लेक माझ्या मांडीवर झोपली होती, ती दचकून उठली आणि पुन्हा झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इटियाडोहाच्या बाजूला जाऊन आलो. गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत पताका फडफडत होत्या, पण घरांना कुलपं. १९७२ च्या सुमारास वसलेलं हे गाव हिवाळ्यात जवळजवळ रिकामंच असतं. कमावती माणसं स्वेटर विकायला देशभर पांगलेली, मागे म्हातारे आणि काही लहान मुलं. एका आजीबाईंनी जपमाळ थांबवून आम्हाला पाणी दिलं. आईंनी त्यांना आपल्या अंगातला स्वेटर बोटानं दाखवला. आजीबाईंनी तो चिमटीत धरून तपासला आणि मान डोलावली. माल चांगला होता म्हणायचा.

जमिनीचं काय, असं आमच्या ह्यांनी रात्री फोनवर विचारलं होतं. काही नाही. सातबारा जसा होता तसाच आहे. निघताना मामांनी एवढंच म्हटलं की एप्रिलात गाळ काढायचं गावानं ठरवलंय, तेव्हा ये, बाबांच्या वेळचा दगड दिसतो का बघू. आई म्हणाल्या, बघते. आणि मग माझ्या कानाशी, "एप्रिलात ऑडिट नसतं ना गं ह्याचं?"

"असलं तरी मी आहे की," मी म्हटलं.

मामींनी गुळाची ढेप, वाळवलेले शिंगाडे आणि एक लुगडं आणून मागच्या सीटवर ठेवलं. मामांनी खांद्यावरून तांदळाचं पोतं आणलं आणि डिकीत टाकलं. आई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"एकच?"

मामांनी वर पाहिलं.

"अठरा वर्षांचं आहे, भाऊ."

मामा काही न बोलता आत गेले आणि दुसरं पोतं घेऊन आले. लेकीला पाय ठेवायला जागा उरली नाही, ती मांडी घालून बसली. मासुलकसाच्या चढावर आमची छोटी गाडी मागून इतकी बसली की मी पहिल्यावरून दुसऱ्या गिअरच्या वर जाऊच शकले नाही. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत होते.

"हळू घे," आई म्हणाल्या. "तांदूळ आहे."